शकुनकाकूंनी गालिचा धुतला

बागबाजारच्या त्या गल्लीत ‘देवस्थळ्यांचं घर कुठलं?’ असं विचारलंत तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. ‘बर्गींचं घर’ म्हणालात तर पानवाला गादी सोडून थेट दारापर्यंत पोचवायला येईल. कोणे एके काळी मराठी घोडेस्वार लुटीला येतील या धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो इथूनच. त्या घोडेस्वारांना बंगालीत बर्गी म्हणतात आणि त्यांची भीती घालून इथली बाळं अजून झोपवली जातात. चंद्रकांत देवस्थळी बँकेच्या बदलीवर कलकत्त्याला आले आणि नेमके खंदकाच्या आतल्या अंगाला भाड्याचं घर घेऊन बसले. मग गल्लीने दुसरं काय नाव ठेवायचं? शकुनकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, पहिल्यांदा या नावाचा फार राग येई. पण एका पौष महिन्यात कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याने ‘बर्गीबौदींसाठी’, म्हणजे बर्गीवहिनींसाठी, म्हणून नव्या गुळाच्या संदेशचा पहिला डबा बाजूला काढून ठेवला, आणि त्या डब्याबरोबर राग जो गेला तो गेलाच.

बदली तीन वर्षांची होती. तिनाची सहा झाली, सहाची बारा, आणि पुढची मोजायचं सोडूनच दिलं. चंद्रकांतराव रोज सकाळी लाँचने नदी ओलांडून हावड्याच्या शाखेत जायचे आणि संध्याकाळी तसेच परत यायचे. त्या लाँचवरच्या वाऱ्यापायी त्यांनी दोन बढत्या सोडल्या, असं शकुनकाकू सांगतात, आणि सांगताना कपाळाला हात लावतात. निवृत्त झाल्यावर पुण्याला जायचं ठरलेलं होतं. लेक मुग्धा तिकडेच असते. त्यासाठी वेगळी ठेव होती, तिचं घरातलं नावच ‘पुण्याची ठेव’. दरवर्षी ठेवीची मुदत संपे, दोघं बँकेत जात, तिचं नूतनीकरण करत आणि येताना कचोरी खाऊन घरी येत. पुणं आपलं जिथल्या तिथे.

शकुनकाकू स्वच्छतेच्या बाबतीत अंमळ जास्तच होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आपल्या घरातून बाहेर जाणारी वस्तू चकचकीत असली पाहिजे, हा त्यांचा दंडक. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही हे तर कुठलीही बाई पाळते, पण शकुनकाकू गॅसचा रिकामा सिलिंडरसुद्धा ओल्या फडक्याने पुसून मग परत द्यायच्या. रद्दीवाल्याला रद्दी द्यायची तर झटकून, कोपऱ्याला कोपरा जुळवून, सुतळी बांधून. ‘लोक काय म्हणतील, देवस्थळ्यांकडे धूळ खातात?’ चंद्रकांतराव म्हणायचे, ‘उद्या मी गेलो तर मला घासून पुसूनच पाठवशील.’ यावर त्या म्हणायच्या, ‘मग! तसेच पाठवू की काय?’

त्यांच्या या गुणामुळेच मंडळाने भांडारघराच्या किल्ल्या त्यांच्याकडे दिल्या. मराठी मंडळाची ती जुनी दोनमजली इमारत देवस्थळ्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. खाली एक होमिओपॅथीचा दवाखाना आणि एक छापखाना; त्यांच्या भाड्यावर मंडळाचं विजेचं बिल निघतं. वर मोठा हॉल. तिथेच गणपती, तिथेच हळदीकुंकू, तिथेच नाटक. आणि हॉलभर पसरलेलं ते जाजम. जाजम म्हणायचे आपले सगळे, पण होता तो लोकरीचा गालिचा, सायीच्या रंगाच्या जमिनीवर लाल वेलबुट्टीचा, कडेला निळी चौकट. फार पूर्वी कोणी एक मराठी इंजिनियर देशाकडून येताना घेऊन आले आणि जाताना मंडळाला ठेवून गेले, एवढंच जुन्या लोकांना ठाऊक. त्याच्यावर तीन पिढ्यांनी पंचामृत सांडलं, पोरं रांगली, बायका पाय पसरून बसल्या आणि पुरुषांनी पानसुपारी खात बंगाल्यांवर टीका केली. शकुनकाकू दरवर्षी तो उन्हात घालत, कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळत आणि सुटलेल्या दशा सुईने आत ओढून घेत.

चंद्रकांतराव म्हणजे त्या हॉलचा जीव. अभिनय त्यांना शून्य येई, पण मंडळाच्या प्रत्येक नाटकाचे प्रॉम्प्टर तेच. विंगेत बसून ते इतक्या तन्मयतेने संवाद पुरवत की पहिल्या रांगेतल्या लोकांना नाटक दोनदा ऐकू येई. आरती सुरू करणारेही तेच. मग दोन वर्षांमागे बाजारात इलिश मासा निवडता निवडता ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. कोकणातल्या शाकाहारी देवस्थळ्यांच्या मुलाचं हाड मासळीबाजारात मोडावं, याला काय म्हणायचं! हाड जुळलं, काठी घेऊन ते गल्लीत हिंडायला लागले, पण मंडळाचा तो उभा, अरुंद जिना काही त्यांना चढवेना. दोघांनी उचलून न्यायचा एकदा प्रयत्न झाला. अर्ध्या जिन्यात तिघंही अडकले आणि चंद्रकांतरावांनी हात जोडून खाली ठेवा म्हणून विनवलं. पुढच्या गणपतीत कोणीतरी मोबाइल मोदकाच्या ताटाला टेकवून ठेवला आणि त्यावर त्यांना आरती दाखवली. घरी बसून ते टाळ्या वाजवत होते, त्या अर्धा ठोका मागून ऐकू येत होत्या. पोरं हसली, तेही हसले, आणि मग आरती संपायच्या आतच त्यांनी फोन बंद केला. शकुनकाकू हॉलमध्ये होत्या. त्यांनी काळा पडलेला तो पडदा बघितला आणि प्रसादाचा द्रोण तसाच खाली ठेवला.

त्याच गणपतीत नूपुरने गालिच्याचा कोपरा उलटून बघितला.

नूपुर ही मंडळातल्याच विनीताची मुलगी. जन्म कलकत्त्याचा, त्यामुळे तिचं मराठी थोडं लंगडत चाले. पण पोरगी हुशार. शहरातल्या एका जुन्या लिलावघरात कामाला लागली होती. लहानपणी ती याच गालिच्यावर पालथी झोपून आरतीभर घोरायची. आता मात्र प्रसादाचा द्रोण हातात घेऊन ती वाकली, कोपरा उलटा करून मागच्या गाठी बघितल्या, फोनवर फोटो काढले आणि शिरा खायचं विसरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. चार दिवसांनी तिने बातमी आणली. गालिचा शंभराहून जास्त वर्षांचा, येरवड्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेला. त्या काळी तुरुंगांमधून असे गालिचे विणून घेत आणि ते पार विलायतेला जात. एवढ्या मोठ्या मापाचे, मूळ रंगांतले, फार थोडे उरलेत. लिलावात ठेवला तर परदेशातले लोकसुद्धा बोली लावतील. तिने जो आकडा सांगितला तो ऐकून सभेत सगळ्यांनी आपापले पाय हळूच गालिच्यावरून बाजूला घेतले.

‘म्हणजे हाही पुण्याचा, बदलीवर आलेला,’ चंद्रकांतराव घरी म्हणाले. ‘आणि आपल्यासारखाच इथे चिकटलेला!’

विकायचा की नाही, यावर मंडळात जुंपली. गालिचा गेला तर शकुनकाकू आकाशपाताळ एक करतील अशी सगळ्यांची खात्री होती. मंडळाचा सेक्रेटरी अजेय, आयटीतला तरुण पोरगा, त्यांच्याकडे भीतभीतच बघत होता. पण पहिला हात वर केला तो शकुनकाकूंनी. ‘विका,’ त्या म्हणाल्या. ‘आणि त्या पैशांतून लिफ्ट बसवा. गालिच्याला काय करायचंय? माणसं वर आली पाहिजेत.’ माणसं म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळलं. अजेयने मान खाली घातली आणि ठराव लिहून टाकला.

न्यायला येण्याआधी नूपुरने बजावून सांगितलं होतं. ‘काकू, जसा आहे तसाच द्या हं. काही म्हणजे काही नाही करायचं.’

आता इथेच सगळा घोटाळा झाला. ‘असू दे हो, आहे तसंच द्या,’ हे शकुनकाकूंनी जन्मभर ऐकलं होतं. डबा परत नेणारी शेजारीण म्हणते, साडी उसनी नेणारी मैत्रीण म्हणते. भल्या घरची माणसं तसंच म्हणतात, आणि भल्या घरची बाई ते कधीही मनावर घेत नाही. उलट असं कोणी म्हटलं की दुप्पट घासायचं असतं. पोरगी गुणाची आहे, आपल्याला त्रास नको म्हणून बोलते, असं शकुनकाकूंना वाटलं. त्या पोरीचं त्यांना कौतुकच वाटलं.

झालं! रिठे भिजत पडले. चार बायका जमल्या, त्यांत खुद्द नूपुरची आई विनीता. थंडीतलं छान ऊन पडलं होतं. गालिचा मंडळाच्या गच्चीवर पसरला, कोमट पाणी आलं, आणि डाग हट्टी होते म्हणून रिठ्यात मूठभर धुण्याचा सोडाही पडला. विनीता म्हणाली, ‘नूपुरला एकदा विचारू या का?’ शकुनकाकू म्हणाल्या, ‘तिला कशाला कामात त्रास? लेक सासरी पाठवताना न्हाऊमाखू घालतोच ना आपण?’ मग पदर खोचून, गाणी म्हणत, मऊ ब्रशांनी घासणं सुरू झालं. आधी पाणी काळं निघालं. मग तपकिरी निघालं. मग लाल निघायला लागलं.

‘बघ, बघ,’ शकुनकाकू विनीताला म्हणाल्या, ‘किती मळ निघतोय!’

दुपारी गालिचा वाळत आला तेव्हा चौघी चहा घेऊन वर गेल्या. लाल वेली सायीच्या जमिनीवर उतरल्या होत्या. मधल्या भागात तर सगळीकडे गुलाबी ढग पसरले होते. ‘ओला आहे अजून,’ एक जण म्हणाली. ‘वाळला की जाईल.’ शकुनकाकूंना ओलं आणि वाळलेलं कळत होतं. त्यांनी चहाचा कप तसाच कठड्यावर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी नूपुर टेंपो घेऊन आली. गच्चीत आली आणि गालिच्याचा कोपरा उलटून बघितला. ‘काकू,’ ती म्हणाली, ‘तुम्ही ह्याला अंघोळ दिली?’

लिलावघरात गालिचा पुन्हा तपासला गेला. वीण अस्सल, वय अस्सल, पण रंग फुटला होता. परदेशातले संग्राहक असल्या वस्तूकडे ढुंकून बघत नाहीत. आधीच्या आकड्यातलं एक शून्यच गळून पडलं. लिफ्टचं नाव आता काढायलाच नको होतं. अजेयने जिन्याच्या कठड्याला लावायची एक धावती खुर्ची शोधून काढली; बटण दाबलं की माणसाला बसल्याजागी वर नेते. पण नव्या अंदाजात तीही पुरती बसत नव्हती.

मंडळात कोणी एका शब्दाने शकुनकाकूंना बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. उलट सगळे भलतेच गोड वागायला लागले, हळदीकुंकवाला पहिलं वाण त्यांच्या हातात द्यायला लागले. काकूंनी किल्ल्या अजेयच्या टेबलावर ठेवल्या आणि जाणं बंद केलं. चंद्रकांतराव समजूत घालायचे. ‘अगं, बरं झालं धुतलंस. त्याच्यावर माझी निम्म्या आयुष्याची सुपारी सांडली होती.’ एके सकाळी चहा गाळता गाळता काकूंना एकदम रडू फुटलं. ‘तुमची लिफ्ट मी धुऊन टाकली हो,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या हातांनी घासून घासून धुतली.’ चंद्रकांतरावांनी गाळणं त्यांच्या हातातून घेतलं आणि उरलेला चहा स्वतः गाळला. थोडा सांडला, पण त्या दिवशी काकूंनी तो पुसलादेखील नाही.

लिलाव रविवारी सकाळी होता. काकू जाणार नव्हत्या. चंद्रकांतरावांनीच जबरदस्तीने धाडलं. ‘मंडळातलं कोणीतरी मोठं माणूस नको का तिथे? पोरं काय, पोरं आहेत. मी बसतो क्रिकेट बघत.’ दाढीबिढी करून, इस्त्रीचा सदरा घालून क्रिकेट बघायला बसलेला नवरा काकूंनी पहिल्यांदाच पाहिला. पण मन थाऱ्यावर नसल्याने त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

लिलावघरात उंच छत होतं, खाली उतरलेले मोठे पंखे होते आणि तरी उकडत होतं. दारात प्रत्येकाचं नाव विचारून नंबराची एकेक पाटी हातात देत होते. बोली लावायची असेल तर ती वर करायची. अजेय, विनीता आणि इतर चारपाच जण मागच्या रांगेत बसले होते. काकू त्यांच्याजवळ बसल्या आणि पाटीने वारा घ्यायला लागल्या. समोर चौथऱ्यावर लिलाव पुकारणारे सौरभबाबू, साठीचे, रेशमी पंजाबी, म्हणजे आपला झब्बा, घातलेले. बाजूच्या टेबलाशी फोन घेऊन बसलेल्या तीन मुली. ज्यांना येता येत नाही त्यांची बोली त्या फोनवरून ऐकून पुकारायच्या. त्यांत नूपुर होती. काकूंनी तिला हात केला. तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ‘रागावली असेल,’ काकूंना वाटलं, ‘रागावणारच.’

घड्याळं गेली, झुंबर गेलं, इराणातला एक रेशमी काशानी गालिचा हा हा म्हणता भरमसाट किमतीला गेला. मग चार माणसांनी येरवड्याचा गालिचा आणून उभा टांगला. एवढ्या वर्षांत काकूंनी तो उभा कधी पाहिलाच नव्हता. गुलाबी ढग भलतेच दिसत होते. त्यांच्या पुढच्या रांगेत दिल्लीचा एक व्यापारी होता. तो शेजाऱ्याला हिंदीत म्हणाला, ‘मधला भाग गेलाय. पण चौकट चांगली आहे. कापली तर उशांचे पंचवीस-तीस अभ्रे आरामात निघतील.’ काकूंनी ते ऐकलं. ज्याच्यावर मुग्धा पहिलं पाऊल टाकायला शिकली त्याचे अभ्रे!

बोली सुरू झाली. व्यापाऱ्याने पाटी वर केली. आणखी एकाने केली. दोघांचं थोडं चाललं, मग दुसरा गळला. व्यापारी खुर्चीत मागे टेकला. अजेयने मोबाइलवर हिशेब केला आणि नकारार्थी मान हलवली. एवढ्यात खुर्ची येत नव्हती. सौरभबाबूंनी हातोडा उचलला आणि तेवढ्यात नूपुरने हात वर केला. फोनवरून नवी बोली आली होती.

व्यापारी चढला. फोन चढला. व्यापारी पुन्हा चढला. फोनही. हॉलमधल्या माना एकदा इकडे, एकदा तिकडे वळायला लागल्या. विनीताने काकूंचा हात घट्ट धरला. अजेय हळूच म्हणाला, ‘काकू, खुर्ची झाली!’ काकूंनी डोळे मिटले. फोनवरच्या त्या अनोळखी माणसाला त्यांनी मनातल्या मनात आयुष्य चिंतलं, त्याची पोरंबाळं सुखी राहोत म्हटलं. कोण कुठला देवमाणूस, डागाळलेल्या वस्तूवर जीव टाकतोय! व्यापाऱ्याने आणखी एकदा पाटी वर केली, मग चरफडत मांडीवर आपटली. हॉल एकदम शांत झाला. आणि त्या शांततेत फोनवर बोलणाऱ्या नूपुरचा दबलेला आवाज मागच्या रांगेपर्यंत आला.

‘हो काका, आता तुमचाच आहे... नाही काका, काकूंना नाही कळलं. समोरच बसल्यात.’

शकुनकाकूंनी डोळे उघडले.

दाढी, इस्त्रीचा सदरा, क्रिकेट. सगळं एका क्षणात लख्ख झालं. आणि एवढे पैसे? एवढे पैसे घरात एकाच ठिकाणी होते. पुण्याची ठेव! आपल्या बायकोने धुऊन वाट लावलेली वस्तू चढ्या भावाने विकत घ्यायची, म्हणजे तिला वाटावं की काही बिघडलंच नाही. आणि त्यासाठी म्हातारपणाची पुंजी मोडायची! काकू ताडकन उभ्या राहिल्या आणि हात उंच करून ओरडल्या, ‘थांबा! थांबवा हे!’

उंच केलेल्या हातात पाटी होती.

‘नवी बोली!’ सौरभबाबूंनी खूश होऊन पुकारलं. ‘मागच्या रांगेत, माशीमांची!’ माशीमा म्हणजे मावशी; आणि सौरभबाबूंना मराठी येत नव्हतं, यात त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नाही.

नूपुरचे डोळे विस्फारले. तिने फोनमध्ये काहीतरी सांगितलं, गोंधळून पुन्हा हात वर केला. काकांना नीट कळलंच नसावं, त्यांनी आपलं चढवून दिलं. ‘नाही, नाही, नाही!’ काकूंनी पाटी जोरजोराने हलवली. ‘माशीमांची पुन्हा!’ सौरभबाबूंनी पुकारलं. व्यापारी मागे वळून आ वासून बघत राहिला. विनीता काकूंचा पदर ओढत होती. ज्या घरात भाजीवाल्याशी आठ आण्यांसाठी घासाघीस व्हायची, त्या घरातली दोन माणसं भरल्या हॉलमध्ये एकमेकांविरुद्ध भाव चढवत होती.

यावेळी नूपुर फोनमध्ये स्पष्ट बोलली. ‘काका, अहो, तुमच्या विरुद्ध काकूच आहेत!’ तिने ऐकलं, ओठ दाबून हसू आवरलं आणि सौरभबाबूंकडे बघून मान हलवली. फोन थांबला होता. काका काय म्हणाले ते तिने नंतर सगळ्यांना सांगितलं. ते म्हणाले होते, ‘मग राहू दे. संसारात एवढी एक गोष्ट शिकलोय.’

हातोडा पडला. मग नूपुर धावत चौथऱ्याशी गेली आणि सौरभबाबूंच्या कानाशी लागली. सौरभबाबू सज्जन माणूस. त्यांनी हातोडा बाजूला ठेवला, चष्मा काढला आणि सगळ्यांसमोर हिंदीत विचारलं, ‘माशीमा, आपली काही चूक झाली असेल तर आत्ता सांगा. मी बोली रद्द करतो, पुन्हा पहिल्यापासून लावतो. काही हरकत नाही.’

सगळा हॉल काकूंकडे बघत होता. चूक झाली म्हटलं असतं तर ठेव वाचली असती. व्यापारी पाटी सावरून सरळ बसला होता. काकूंनी त्या टांगलेल्या गालिच्याकडे बघितलं. गुलाबी डाग काही गेले नव्हते. पण घरी दाढी करून, फोन कानाशी धरून बसलेला माणूस त्यांना आता दिसत होता, आणि त्याने इतक्या आटापिट्याने जे विकत घ्यायला काढलं ते आपण नाही म्हणून टाकायचं, हे त्यांच्याने होईना.

‘चूकबिक काही नाही,’ त्या हिंदीत खणखणीत म्हणाल्या. ‘आमचाच आहे. बांधून द्या.’ मग एकदम आठवल्यासारखं, ‘आणि कापू नका!’

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. कशासाठी, ते निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं.

टॅक्सीतून घरी येईपर्यंत काकूंनी भांडणाची सगळी तयारी केली होती. दार उघडलं तर चंद्रकांतराव खिडकीशी बसलेले, फोन मांडीवर, तोंड चोरासारखं. टीव्ही बंदच होता.

‘ठेव मोडलीत?’ काकूंनी चपला न काढताच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या चपला घालून घरात आल्या होत्या.

‘मोडली.’

‘मला न विचारता?’

‘विचारलं असतं तर मोडू दिली असतीस?’

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. अजेय होता. खुर्चीवाल्याला ऑर्डर देतोय, गणपतीच्या आत बसेल, मंडळींनी गालिचा परत हॉलमध्येच अंथरायचं ठरवलंय, देवस्थळ्यांकडून म्हणून. तेवढं काकांचं वजन हवं होतं. काकूंनी वजन सांगितलं. ‘दोन किलो जास्त सांगतेस!’ चंद्रकांतराव मागून ओरडले. काकूंनी फोन ठेवला, आणि मग सगळी तयारी केलेलं भांडण कुठे गेलं कोण जाणे, त्या तिथेच कॉटवर बसून रडायला लागल्या.

‘आपलंच जाजम आपण विकत घेतलं,’ त्या हुंदके देत म्हणाल्या. ‘वर लिलाववाल्यांना कमिशन. मी धुतलं नसतं तर अख्खी लिफ्ट आली असती. पुणंही राहिलं असतं.’

चंद्रकांतराव काठी टेकत उठले, त्यांच्या शेजारी येऊन बसले.

‘लिफ्ट आली असती,’ ते म्हणाले. ‘मी वर गेलो असतो आणि खाली उघडी फरशी बघितली असती. जाजम लंडनला कोणाच्या तरी भिंतीवर. तू धुतलंस, त्याची किंमत उतरली, म्हणून ते आपल्यासारख्यांना परवडलं. नाहीतर देवस्थळ्यांच्या सात पिढ्यांना जमलं असतं का?’

शकुनकाकूंनी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. उठून चपला दाराबाहेर नेऊन ठेवल्या. मग त्यांनी पुण्याला मुग्धाला फोन लावला आणि सांगितलं की आमच्यासाठी आता तिकडे घर बघत बसू नकोस, आम्ही इथेच आहोत.